माप अंगाचं की कपड्याचं?



यंदाच्या कार्यक्रमातून जमणारा निधी खाण्याशी निगडित मानसिक आजारांनी ग्रासलेल्या तरुण मुलामुलींच्या मदतीसाठी द्यायचं ठरलं, तेव्हा काही सभासदांनी साहजिकच एक प्रश्न केला. दुष्काळ, शाळा, दवाखाना हे समजू शकतं. पण मॉडेल मुली उपाशी राहतात, त्याच्याशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आपला पैसा कशासाठी जातो हे विचारायचा हक्क प्रत्येक देणगीदाराला आहे. म्हणून आम्ही हा लेख लिहायला घेतला. फॅशनच्या धंद्यात शरीराचं माप कसं ठरतं, ते माप दुकानांतून आणि पडद्यांवरून आपल्या घरात कसं शिरतं, आणि त्यावर आजवर कुणी काय उपाय केले, हे सोप्या भाषेत मांडायचा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नाही, संगणकावर पोट भरणारी माणसं आहोत. त्यामुळे वैद्यकीय सल्ला इथे मिळणार नाही. पण यंत्रणा कशी चालते हे उलगडून पाहणं हा आमचा रोजचाच उद्योग आहे.

शिंपी आणि सॅम्पल

आपल्या आज्या नऊवारी नेसत. नऊवारीला साइज नसतो. बारीक सून नेसते तीच साडी अंगाने भरलेली सासू नेसते. कासोटा, निऱ्या, पदर यांत सगळं सामावून जातं. ब्लाउज शिवायचा तर शिंपी टेप घेऊन माप घ्यायचा, वहीत लिहायचा आणि कापड त्या मापाला कापायचा. म्हणजे अंग पक्कं आणि कापड त्याप्रमाणे बदलणारं.

रेडिमेड कपड्यांनी हे गणित उलटं केलं. कपडा पक्का झाला आणि अंगाने त्यात बसायचं असं ठरलं. रॅम्पवर तर ही गोष्ट टोकाला जाते. एखादा डिझायनर नवं कलेक्शन आणतो, तेव्हा प्रत्येक कपड्याचा साधारणपणे एकच नमुना शिवलेला असतो. त्याला सॅम्पल म्हणतात. तोच सॅम्पल आधी रॅम्पवर जातो आणि नंतर मासिकांच्या फोटोंसाठी या स्टुडिओतून त्या स्टुडिओत फिरतो. तो शिवताना कुठली मॉडेल घालणार हे बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. मग काम कुणाला मिळणार? ज्या मुलीला तो कपडा बसेल तिला. सॅम्पल जेवढा लहान, तेवढ्याच बारीक मुलीला काम. बाकीच्यांनी एक तर घरी जायचं, नाही तर अंग कमी करायचं.

इथे कुणी एक खलनायक नाही. डिझायनर म्हणतो, एजन्सी अशाच मुली पाठवते. एजन्सी म्हणते, डिझायनरला अशाच लागतात. मासिक म्हणतं, आमच्याकडे सॅम्पलच एवढे येतात. ब्रिटिश व्होगच्या तेव्हाच्या संपादक अलेक्झांड्रा शुलमन यांनी २००९ मध्ये मोठमोठ्या डिझायनरांना पत्र लिहून हीच तक्रार केली होती. सॅम्पल इतके लहान येतात की मुलींची हाडं दिसतात, आणि मग मासिकाला फोटोत त्या मुली थोड्या जाड दाखवाव्या लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी मुलीला बारीक करायचं आणि मग संगणकावर तिला भरायचं, असा हा उलटा कारभार.

‘साइज झिरो’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो २००८ साली, ‘टशन’ या हिंदी सिनेमामुळे. तो अमेरिकन साइज आहे. इथल्या दुकानात तो साधारण चार नंबरचा होतो. नाव शून्य असलं तरी माणूस शून्य नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

२००६ साली काय झालं

ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल मोंटेव्हिडिओ शहरात एका फॅशन शोच्या वेळी कोसळली आणि गेली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन ही २१ वर्षांची मॉडेल ॲनोरेक्सियामुळे झालेल्या गुंतागुंतीने वारली. या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, माद्रिदच्या फॅशन वीकने नियम केला की बीएमआय १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेलला रॅम्पवर येता येणार नाही.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पावणेदोन मीटर उंचीच्या मुलीचा बीएमआय १८ भरायचा तर तिचं वजन साधारण ५५ किलो हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात प्रौढ माणसाचा बीएमआय १८.५ च्या खाली गेला की वजन कमी मानतात. म्हणजे माद्रिदची अट काही फार कडक नव्हती. तरीही जगभर गहजब झाला, यावरूनच तोवर काय चाललं होतं ते कळतं.

लंडनने वेगळी वाट धरली. ब्रिटिश फॅशन कौन्सिलने २००७ मध्ये बॅरोनेस डेनिस किंग्जमिल यांच्या अध्यक्षतेखाली मॉडेलांच्या आरोग्याबद्दल चौकशी समिती नेमली. सोळा वर्षांखालच्या मुलींना लंडन फॅशन वीकच्या रॅम्पवर चालवू नये, ही तिची शिफारस अमलात आली. मुलींना वजनकाट्यावर उभं करण्याची पद्धत मात्र समितीने स्वीकारली नाही. डॉक्टरी दाखल्याची सूचना पुढे आली. पण इतर देशांतली फॅशनची शहरं साथ देईनात, म्हणून ती बारगळली. हा धंदा चार शहरांत फिरतो. एका शहराने दार लावलं की काम दुसऱ्या शहरात जातं. त्यामुळे एकट्यादुकट्याचा नियम तोकडा पडतो.

सोळा वर्षांचा नियम आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं अंग अजून भरलेलंच नसतं. ते अंग मोठ्या बायकांच्या कपड्यांत दाखवलं की तीस वर्षांची बाई त्याच्याशी आपली तुलना करते. आणि ती मुलगी स्वतः अठराची होते, कंबर निसर्गनियमाने रुंदावते, तेव्हा तिला वाटतं आपलं काही तरी चुकलं.

कॅमडेनचा संबंध

हा विषय आपला आहे का, याचं पहिलं उत्तर आपल्या बरोतच आहे. किंग्ज क्रॉसला, ग्रॅनरी स्क्वेअरच्या जुन्या धान्याच्या कोठारात, २०११ पासून सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेज आहे. अलेक्झांडर मॅक्वीन, जॉन गॅलियानो, स्टेला मॅकार्टनी ही याच कॉलेजची मंडळी (अर्थात जुन्या जागेतली). उद्याचे सॅम्पल शिवणारे हात आज तिथे शिकताहेत. सॅम्पल केवढा असावा हे शेवटी तेच ठरवणार आहेत.

दुसरीकडे हॅम्पस्टेडच्या पाँड स्ट्रीटवरचं रॉयल फ्री हॉस्पिटल. तिथे काम करणाऱ्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ‘बुलिमिया नर्व्होसा’ या आजाराचं पहिल्यांदा नाव देऊन वर्णन केलं. ॲनोरेक्सिया त्याआधी माहीत होता. त्याला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव सर विल्यम गल यांनी लंडनमध्येच १८७३ च्या सुमारास दिलं होतं. त्यात माणूस खाणं तोडत जातो. रसेल यांच्या पाहण्यात आलेले रुग्ण मात्र अधाशासारखं भरमसाट खायचे आणि मग वजन वाढेल या धास्तीने ओकून टाकायचे किंवा जुलाबाची औषधं घ्यायचे. या आजारात वजन बऱ्याचदा सर्वसाधारणच असतं. म्हणून वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. आजारी माणूस हाडकुळाच दिसेल ही आपली समजूत तिथेच खोटी ठरली.

एक खुलासा करायला हवा. फोटो पाहून कुणी आजारी पडतं, एवढं हे सरळ नाही. अनुवंश, स्वभाव, घरातले ताण, वयात येणं अशी अनेक कारणं एकत्र येतात. पण चित्रांचा वाटा असतो, हे दिसून आलं आहे. फिजी बेटांवर पूर्वी भरल्या अंगाचं कौतुक होतं. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. डॉ. ॲन बेकर यांनी टीव्ही आल्या आल्या आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबद्दल काळजी वाटावी अशी उत्तरं देणाऱ्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. तेही तीनच वर्षांत. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्या लहान होती, त्यामुळे यावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येणार नाही. पण दुर्लक्षही करता येणार नाही.

दोन डॉक्टर, एकच आकडा

बारीक म्हणजे निरोगी, जाड म्हणजे आजारी, हे समीकरण किती कच्चं आहे ते एका मराठी माणसाने जगाला दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. (या कॉलेजची मुख्य इमारत आपल्या कॅमडेनमध्येच, गॉवर स्ट्रीटवर आहे.) दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी आदर्श. पण क्ष-किरणांच्या साहाय्याने चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकसाहेबांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून याला ‘वाय-वाय’ कोडं म्हणतात.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. दिसायला बारीक, आतून जाड. आपल्यात मधुमेह एवढा का, याचा एक धागा इथे सापडतो.

याचा फॅशनशी काय संबंध? संबंध असा, की आरोग्य डोळ्यांनी मोजता येत नाही आणि एका आकड्यातही मावत नाही. शेलाट्या बांध्याच्या मुलीला ‘छान मेंटेन केलंयस’ म्हणून आणि जरा भरलेल्या मुलीला ‘जिमला जा’ म्हणून आपण आरोग्याबद्दल काहीच बोललेलो नसतो. आपण फक्त दिसण्याबद्दल बोललेलो असतो. वजनाने होणारे आजार खरेच आहेत, त्यांच्याकडे काणाडोळा करा असं आमचं म्हणणं नाही. पण ते रक्ततपासणीत, दमसासात आणि रोजच्या चालण्यात शोधावेत, आरशात नव्हे.

फोटोत कारागिरी कशी होते

हा भाग आमच्या धंद्यातला. डिजिटल फोटो म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांसारखा ठिपक्यांचा कागद. प्रत्येक ठिपक्याला एक रंग. फोटोशॉप हा प्रोग्रॅम १९९० साली बाजारात आला. २००० सालच्या आवृत्तीत त्यात ‘लिक्विफाय’ नावाचं हत्यार आलं. त्याने फोटोतला भाग ओल्या मातीसारखा ढकलता येतो. कंबर आत ढकलायची, मान वर ओढायची, पाय लांब करायचे. ठिपके सरकल्यावर पडणाऱ्या फटी संगणक शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. सराव असेल तर काम काही मिनिटांचं.

ओळखायची एक खूण सांगतो. कंबर ढकलताना मागची भिंतही थोडी ढकलली जाते. म्हणून फोटोतल्या व्यक्तीपेक्षा तिच्यामागची चौकट, फरशीच्या रेषा, खिडकीचे गज बघावेत. सरळ रेषा कमरेजवळ वाकली असेल तर कारागिरी झाली असं समजावं. मुलांना हा खेळ फार आवडतो. एकदा शिकवला की ती स्वतःच शोधायला लागतात, आणि उपदेशापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. हल्लीचे फोनमधले फिल्टर तर हेच काम चालत्या चित्रावर करतात. चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू शोधायचे, जबडा निमुळता आणि डोळे मोठे करायचे, तेही दर सेकंदाला अनेक वेळा. त्यामुळे आता मुलगी नटीशी तुलना करत नाही. ती स्वतःच्याच सुधारलेल्या चेहऱ्याशी तुलना करते. ही स्पर्धा जिंकणं शक्य नाही.

कायद्याने काय साधलं

इस्रायलने २०१२ मध्ये कायदा केला. मॉडेलला डॉक्टरी दाखला हवा, बीएमआय १८.५ च्या खाली नको, आणि फोटोत अंग बारीक केलं असेल तर तसं जाहिरातीत छापायचं. फ्रान्सचा कायदा २०१५ चा. त्यातली दाखल्याची अट मे २०१७ पासून आणि फोटोवर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापण्याची सक्ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाली. दाखल्याचा नियम मोडला तर ७५,००० युरोपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच साली एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बलाढ्य फ्रेंच कंपन्यांनी सगळ्यात लहान, म्हणजे फ्रेंच ३२ नंबरचा साइज आपल्या रॅम्पवरून काढून टाकायचं कबूल केलं. सॅम्पलचं माप बदलल्याशिवाय मुलींचं माप बदलत नाही, हे शेवटी मालकांनीच मान्य केलं म्हणायचं. नॉर्वेनेही २०२२ पासून सुधारलेल्या फोटोंवर शिक्का सक्तीचा केला.

ब्रिटनमध्ये हे काम बरंचसं जाहिरात मानक संस्थेने, म्हणजे एएसएने केलं. २०११ मध्ये तिने ज्युलिया रॉबर्ट्सची एक मेकअपची जाहिरात जास्त रिटच केल्याच्या कारणाने बंद केली. २०१५ मध्ये इव्ह सां लोराँची आणि २०१६ मध्ये गुच्चीची जाहिरात मॉडेल अपायकारक इतकी बारीक दिसते म्हणून थांबवली. २०१५ मध्ये ट्यूबमध्ये लागलेल्या बिकिनीतल्या पिवळ्या पोस्टरवरून केवढं वादळ उठलं होतं ते अनेकांना आठवत असेल. पुढच्या वर्षी महापौर सादिक खान यांनी शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करणाऱ्या जाहिराती ट्यूब आणि बसवर नकोत असं जाहीर केलं. आणि २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टनुसार, खाण्याचे आजार चांगले म्हणून दाखवणारा मजकूर मुलांपर्यंत पोहोचू न देणं हे कंपन्यांचं कर्तव्य झालं. ते जुलै २०२५ पासून लागू आहे.

आपल्याकडे मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये गोरेपणाच्या क्रीमसाठी नियम केले. सावळ्या मुलीला दुःखी, लग्न न जमणारी, नोकरी न मिळणारी दाखवायचं नाही, असे. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ म्हणून विकलं जाणारं क्रीम २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. गंमत अशी, की ते क्रीम विकणाऱ्या युनिलिव्हर घराण्याचाच डव्ह साबण २००४ पासून ‘खरं सौंदर्य’ या नावाने सगळ्या रंगांच्या आणि आकारांच्या बायका जाहिरातीत दाखवत होता. बाजार दोन्हीकडून कमावतो. म्हणून बाजार आपलं काम करेल असं समजून आपल्याला स्वस्थ बसता येत नाही.

आपल्या घरात

आता दुसरं उत्तर, जरा जवळचं. ‘गोरी, सडपातळ, घरंदाज’ ही शब्दावली मॉडेलिंग एजन्सीची नाही. ती आपल्या वधूवर सूचक पानांची आहे. दोन वर्षांनी भेटलेल्या भाचीला ‘अगं, केवढी सुटलीस!’ किंवा ‘काय ही हडकलीस, आई जेवायला घालत नाही का?’ हे आपणच म्हणतो, आणि तेही मायेने. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये, चार लोकांसमोर. मोठ्या माणसाला ते पाच मिनिटांत विसरायला होतं. तेरा वर्षांच्या मुलीला ते वर्षानुवर्षं आठवतं. मुलगेही सुटलेले नाहीत. ‘किडकिडीत’ म्हणून हिणवलेला मुलगा व्यायामशाळेत जाणं चांगलंच. पण तो दंड फुगवायच्या पावडरी आणि इंजेक्शनांच्या मागे लागला तर तोही त्याच वाटेवर आहे.

आजाराच्या काही खुणा आपल्या घरात वेगळ्या दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एकाएकी उपवास वाढणं, तेही आधी कधी न करणाऱ्या मुलीने. चतुर्थी झाली, एकादशी झाली, आता सोमवार. ‘मी बाहेर खाऊन आले’ हे रोजचं होणं. जेवण झाल्या झाल्या लगेच बाथरूमचं दार लागणं. उन्हाळ्यातही ढगळ कपडे. पंगतीला बसायचं टाळणं. यातली एखादी खूण म्हणजे आजार नव्हे. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर रागावू नका, ताटात जबरदस्तीने वाढू नका, ‘देवाचं करते आहे’ म्हणून समाधानही मानू नका. शांतपणे बोला आणि जीपीकडे घेऊन जा. ‘वजन तर ठीक आहे’ असं म्हणून कुणी परत पाठवत असेल तर सांगा, की २०१७ च्या नाइस मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपचार द्यायचे की नाही हे नुसत्या वजनावर किंवा बीएमआयवर ठरवायचं नसतं. ॲनोरेक्सिया हा मानसिक आजारांमध्ये सर्वात जास्त जीव घेणाऱ्या आजारांपैकी एक आहे. लवकर उपचार मिळाले तर बरं होण्याची शक्यता वाढते. आणि उपचारांच्या रांगेत थांबावं लागतं त्या काळात फोनवर बोलायला, पालकांना शिकवायला, गटात बसवून धीर द्यायला जी माणसं लागतात, त्यांचा खर्च बराचसा देणग्यांतून चालतो. आपला निधी नेमका तिथे जाणार आहे.

पैशाशिवाय करता येण्यासारखंही बरंच आहे. मंडळाच्या कार्यक्रमात फॅशन शो ठेवायचा तर पैठणी, नऊवारी, धोतर, फेटा हे सगळं सगळ्या वयांच्या आणि सगळ्या मापांच्या सभासदांनी मिरवावं. कपड्याचं कौतुक करावं, चालीचं करावं, आत्मविश्वासाचं करावं. कमरेचं करू नये. स्मरणिकेत छापायचे फोटो आम्ही उजेड-अंधार सोडून कशातही बदल न करता छापले आहेत. यात कुणाचं पोट दिसतं, कुणाची सुरकुती. ज्या लंबोदराची आरती आपण दरवर्षी एवढ्या हौसेने म्हणतो, त्याच्यापुढे पोट आत ओढून उभं राहायची गरज कुणालाच वाटू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

देणगीचा फॉर्म शेवटच्या पानावर आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. पाकीट मंडळाच्या टेबलावर द्यावं आणि पावती जरूर मागून घ्यावी.